मृगाआधीची तयारी : सुर्ल्यापासून पेडण्यापर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी

23 जुलै 2021 रोजी म्हादई आणि वाळवंटी पात्राबाहेर आल्या, तेव्हा सत्तरी आणि डिचोलीच्या बऱ्याच शेतांत लावणी होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. तरवा मुळे धरतो न धरतो तोच पाण्याखाली गेला. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सांगितले गेले. त्याआधी दोनच महिने, मेच्या मध्यावर, तौक्ते वादळाने माड, पोफळी आणि काजू आडवे केले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाचे पाणी डिचोलीतल्या साळ गावात आणि पेडण्यातल्या इब्रामपूर, हसापूर, चांदेल भागात घुसले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेले भात शेतातच रुजले. 2023 साली उलटी तऱ्हा झाली. बिपरजॉय वादळाने जूनचा पाऊस लांबवला आणि पुढे ऑगस्ट तर देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

या सगळ्या घटना एका रांगेत मांडल्या की एक गोष्ट दिसते. पेरणी, लावणी, पोटरी, कापणी यांपैकी एकही टप्पा आता भरवशाचा राहिलेला नाही. पाऊस नेमका केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. दगा दिला तर आपण काय करायचे, हे मात्र आधी ठरवता येते. आणि ते ठरवण्याची वेळ जुलै नव्हे, मे महिना आहे. पावसाळ्यासाठी पुरुमेंत भरताना आपल्या आयाबाया जो विचार करत आल्या, तोच शेताला आणि गावाला लावायचा आहे. सुके मासे, सोले, मिरची, मीठ, चिंच आणि फणसाच्या बिया घरात आल्याशिवाय त्यांनी मृगाचे स्वागत केले नाही.

सुर्ल्याला दुहेरी ओझे का?

डिचोली तालुक्यातला सुर्ला हा गाव पाळी, वेळगे, कोठंबी या खाणपट्ट्यातला. (चोर्ला घाटाजवळचे सत्तरीतले सुर्ला वेगळे.) एका अंगाला भरती-ओहोटीची मांडवी, दुसऱ्या अंगाला उकरलेले डोंगर. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या, तरी मातीचे डंप जागच्या जागी राहिले. पाऊस मोठा झाला की डंपाची तांबडी माती व्हाळात उतरते, व्हाळ उथळ होतो आणि पाणी कुणग्यात शिरते. म्हणजे जो पाऊस दुसऱ्या गावात नुसता पूर आणतो, तो खाणपट्ट्यात पुरासोबत गाळही आणतो. पूर दोन दिवसांत ओसरतो, गाळ मात्र वर्षानुवर्षे राहतो. पेडण्यात अडचण वेगळी. तिथे एकीकडे तिळारीचा विसर्ग, दुसरीकडे शापोरा आणि तेरेखोलच्या काठच्या खाजन शेतीत बांध फुटून येणारे खारे पाणी. त्यामुळे खालची प्रत्येक सूचना आपल्या गावाच्या उतारावर आणि मातीवर पडताळून घ्या.

पहिले काम : पाण्याची वाट मोकळी करा

एप्रिलच्या सुरुवातीला, ग्रामसभेआधी, व्हाळ कोरडा असताना, गावातल्या पाच-सहा जणांनी त्याच्या पात्रातून चालत जावे. सोबत एक तरी म्हातारा माणूस हवा, ज्याला पाण्याची जुनी वाट ठाऊक आहे. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत जाताना चार गोष्टी वहीत टिपा : कुठे गाळ साचून पात्र शेताच्या पातळीला आले आहे, कुठली मोरी अर्धी बुजली आहे, कुठे नव्या भरावाने किंवा कुंपणाने पाणी अडते, आणि कुठला बांध गेल्या पावसात फुटला होता. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा. ही वही आणि फोटो हाच ग्रामसभेतला तुमचा पुरावा. ‘व्हाळ साफ करा’ असे नुसते म्हटले तर ठराव होतो आणि विसरला जातो. ‘अमुक मोरीपासून अमुक शेतापर्यंतचा गाळ 20 मेपूर्वी काढा’ असे लिहून दिले तर उत्तर द्यावे लागते.

पैसा कुठून येणार, हा पुढचा प्रश्न. खाणबाधित गावांसाठी 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी उभा राहिला आहे. पाणी, पर्यावरण, आरोग्य, शेती अशा कामांसाठीच तो आहे. गाळउपसा, बांधदुरुस्ती, शेतातल्या मातीची सुधारणा यांचे प्रस्ताव सुर्ला, पाळी, वेळगे अशा शेजारच्या पंचायतींनी एकत्र दिले तर वजन पडते, कारण व्हाळ पंचायतीची हद्द ओळखत नाही.

खाजन शेती असलेल्या गावांत मानशीची दारे आणि बांध यांची पाहणी मेच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला करा. कुठून पाझर येतो ते तेव्हाच दिसते. बांध राखण्याची जबाबदारी कायद्याने कूळ संघांवर आहे. पुष्कळ ठिकाणी हे संघ कागदावर उरले आहेत. ते जागे करणे हीसुद्धा पुराची तयारीच आहे.

शेतावर गाळ बसलाच असेल तर थर जाड आहे की पातळ ते आधी पाहा. जाड थर उचलूनच टाकावा लागतो. नांगराने तो खाली घातला तर खालची चांगली मातीही कडक होते. पातळ थर असेल तर शेणखत, गिरिपुष्पाचा पाला, धैंचा किंवा ताग गाडून माती हळूहळू सुधारते. आपली माती मुळातच आम्लधर्मी असल्याने चुना लागेल का, किती लागेल, हे माती परीक्षण करून ठरवा. अंदाजाने टाकू नका.

कोरड्या ऑगस्टची तयारीही याच दिवसांत होते. मेर उंच आणि मजबूत करा, कुर्ल्यांची आणि उंदरांची बिळे चिखलाने लिंपून घ्या. एका बिळातून रात्रभरात अख्ख्या कुणग्याचे पाणी निघून जाते. आणि पाऊस परतू लागला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून व्हाळावर कच्चे बंधारे घाला. वायंगणाला आणि कडधान्याला तेच पाणी उपयोगी पडते.

बियाणे : सगळे एका जातीवर ठेवू नका

आपल्याकडे ज्योती आणि जया या जातींनी शेते व्यापली आहेत. त्या चांगल्याच आहेत. पण गावातली सगळी शेते एकाच दिवशी पोटरीत आली तर एकच वादळ सगळ्यांचे नुकसान करते. शेताचे तीन भाग मनाशी पाडा. भरडीवर लवकर तयार होणारी जात घ्या, म्हणजे सप्टेंबर कोरडा गेला तरी निभावते. मधल्या शेतात नेहमीची जात चालेल. सखल भागात, जिथे पाणी दोन-चार दिवस साचते, तिथे बुडणे सोसणारी जात हवी. ‘स्वर्णा सब-1’ ही दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली तग धरणारी म्हणून ओळखली जाते, पण ती उशिरा तयार होते, हे धरूनच निवड करा.

खाऱ्या पाण्याच्या शेतासाठी उत्तर आपल्याच मातीत आहे. कोरगुट ही खाजनातली जुनी जात. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिच्यातून निवड करून ‘गोवा धान’ नावाने क्षार सोसणाऱ्या सुधारित जाती काढल्या आहेत. बियाण्यासाठी डिचोली किंवा पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात आणि जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मेच्या पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवा.

घरच्या बियाण्याची पारख सोपी आहे आणि ती प्रत्येकाने करावी. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात भात टाकून ढवळा आणि थोडे थांबा. पोचट आणि किडके दाणे वर तरंगतात, ते काढून गुरांना घाला. तळाशी बसलेले दाणे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मिठाचा अंश राहता कामा नये. मग उगवण पाहा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवड्यात ऐंशीच्या वर कोंब आले तर बियाणे निर्धास्त वापरा. साठच्या आसपास आले तर जास्त पेरा. त्याहून कमी असेल तर बियाणे बदला. ही परीक्षा मेमध्ये केली तर बदलायला वेळ असतो, जूनमध्ये केली तर नसतो.

हजार चौरस मीटर लावणीला साधारण 5 किलो बियाणे आणि शंभर चौरस मीटरचा तरवा लागतो. याशिवाय त्याच्या निम्मे बियाणे बाजूला ठेवा. पहिल्या तरव्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी उंच जागेवर, जिथे पूर पोचत नाही, छोटा राखीव तरवा पेरा. चार-पाच घरांनी मिळून एकच राखीव तरवा केला तरी पुरतो. पुरात ज्याची लावणी गेली त्याने त्यातून रोप न्यावे. कुणाचीच गेली नाही, तर नांग्या भरायला ते कामी येते.

बियाण्याचे मोल काय असते, ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवले. शाळा न शिकलेल्या या बाईंनी घरातून गावरान वाणांची बियाण्याची बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. आपल्याकडे हे काम चवथीच्या माटोळीपासून सुरू करता येईल. माटोळीला जे जे बांधले जाते त्यातले काय आपल्या परसात मिळाले, काय शेजारून आणले आणि काय बाजारातून विकत घ्यावे लागले, याची यादी मुलांना करायला सांगा. विकत आणलेल्या प्रत्येक फळा-कंदापुढे खूण करा. पुढच्या मेमध्ये त्याचे रोप किंवा कंद गावात कुठे मिळेल ते शोधून लावा.

पूर आला, ओसरला : शेतात काय करावे

पाणी शेतात असताना युरिया टाकू नका, तो वाहून जातो. पाणी ओसरल्यावर आधी चर मोकळे करून साचलेले पाणी काढा. पानांवर चिखल बसला असेल तर साध्या पाण्याची फवारणी करून तो धुवा. आठवडाभर थांबा. नवी पालवी फुटली तर पीक जगले, मग खताचा हप्ता द्या. मधली रोपे गेली असतील तर जगलेल्या जोमदार चुडांतले फुटवे वेगळे करून नांग्या भरा.

कापणीच्या वेळी सगळ्यात महाग पडते ती वाट पाहण्याची सवय. कणसातले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के दाणे पिवळे झाले की कापा. शेवटचा हिरवा दाणा पिकण्याची वाट पाहणाऱ्यांचे भात 2019 च्या ऑक्टोबरात गेले. कापणी यंत्र भाड्याने येते, पण एकाच आठवड्यात सगळ्या गावांना हवे असते. वाड्यावरच्या सगळ्यांनी ऑगस्टमध्येच एकत्र मागणी नोंदवावी. आणि चार घरांत मिळून एक मोठी जाड ताडपत्री असावीच.

पोफळीच्या कुळागरात कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर झाली पाहिजे : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मिश्रण त्याच दिवशी वापरा. काजूच्या बागेत मात्र तयारी आगीची हवी. मार्च 2023 च्या वणव्यांनी ते शिकवले आहे. जानेवारीत सुके गवत काढून कडेने मोकळा पट्टा ठेवा.

घरातले धान्य आणि गावाचे कोठार

गोव्याची भाजी बेळगावहून येते, हे आपण गृहीत धरले आहे. 23 जुलै 2021 ला दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड कोसळून रेल्वे घसरली. घाटरस्तेही पावसाळ्यात दरडींनी बंद पडतात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर किराणा दुकानेसुद्धा काही दिवस बंद होती आणि घराघरांत तांदूळ मोजला गेला. हाताशी पैसा असूनही अन्न मिळत नाही, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून हिशेब करा. माणशी रोज 400 ग्रॅम तांदूळ धरला तर पाच माणसांच्या घराला महिन्याला 60 किलो लागतो. दोन महिन्यांची बेगमी म्हणजे 120 किलो तांदूळ, म्हणजेच सुमारे 185 किलो भात. पिकवणाऱ्या घराने एवढे भात विकण्याआधी बाजूला काढावे. भात दाताखाली टच्कन तुटेपर्यंत वाळवा. कणगी किंवा पिंप जमिनीपासून हातभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा. निर्गुडीचा वाळलेला पाला घाला. पुराची शक्यता असलेल्या घरांनी बियाणे आणि धान्याचा एक भाग माळ्यावर ठेवावा.

ज्यांच्याकडे शेत नाही, मजुरी हाच आधार आहे, त्यांची बेगमी कोण करणार? इथे गावाचे कोठार लागते. स्वयंसाहाय्य गटाने किंवा देवळाच्या समितीने ते चालवावे. कापणीनंतर प्रत्येक घराने जमेल तेवढे भात द्यावे. श्रावण-भाद्रपदाच्या ओढीत गरजू घराने उसने न्यावे आणि पुढच्या कापणीला थोडे जास्त घालून परत करावे. नोंदवही उघडी असावी, किल्ल्या दोघांकडे असाव्यात, विधवा बाया आणि एकटे म्हातारे यांना पहिला मान असावा. नियम एवढेच, पण ते पहिल्याच वर्षी लिहून काढा. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय घराला 35 किलो धान्य मिळण्याचा हक्क आहेच. कार्डावर सुनेचे, लेकराचे नाव चढले आहे का, हे पावसाळ्याआधी तपासा.

धान्यासोबत जमिनीखालचे अन्नही लावा. सुरण, कणगी, करांदे, माडी या कंदांना फार निगा लागत नाही, आणि वादळात माड पडला तरी कंद जागेवर राहतो. भात निघाल्यावर ओलीवर अळसांदे, कुळीथ, मूग पेरा. भरडीवर पुन्हा नाचणी घ्या. परसात शेवगा असू द्या. तायकिळो, कुर्डू, किल्ले, अळू यांची ओळख असलेल्या बायांनी ती मुलींना आणि मुलग्यांनाही करून द्यावी. पोट भरणे आणि पोषण यांतला फरक याच भाज्या भरून काढतात.

गुरे, विहीर आणि अंग

घटसर्प, फऱ्या आणि लाळखुरकत यांच्या लसी मेपूर्वी टोचून घ्या. पूर येणार असे कळले की गुरांची दावी आधी सोडा. बांधलेली जनावरे गोठ्यातच बुडतात. गावातली उंच जागा आधी ठरवून ठेवा, आणि पेंढ्याची उडवी तिथेच रचा. पुरानंतर विहिरीचे पाणी उपसून, हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने ब्लीचिंग पावडर घाला आणि तरीही पाणी उकळूनच प्या. साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल तर मुळीच नको. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप आला तर अंगावर न काढता आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम केल्याचे डॉक्टरांना सांगा.

कागद आधी, नुकसान नंतर

भरपाई मिळत नाही, ही तक्रार खरी असते. पुष्कळदा अडते ते कागदावर. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव आजोबांचे किंवा भाटकाराचे, आणि कसणारा तिसराच. कूळ म्हणून नोंद करून घ्या. ती अडली असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आजच मिळवा. कृषी कार्ड, आधार, बँक पासबुक आणि उतारा यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो मोबाइलवर ठेवा. उभ्या पिकाचा फोटो जुलैत आणि सप्टेंबरात काढा. नुकसान दाखवायला आधीचे चांगले शेतही दाखवावे लागते.

नुकसान झाले की त्याच दिवशी विभागीय कृषी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. शेतकरी आधार निधीचा अर्ज तिथेच होतो. पीक विम्यात भातासाठी शेतकऱ्याचा खरीप हप्ता विमा रकमेच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. स्थानिक आपत्तीची खबर 72 तासांच्या आत द्यावी लागते, आणि कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाला 14 दिवसांपर्यंत संरक्षण असते. विम्याची मदतवाहिनी 14447 आहे. भाताच्या शेतात पाणी साचून झालेले नुकसान आणि रानटी जनावरांचे नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. आपल्या तालुक्यात कोणते पीक आणि कोणते संरक्षण लागू आहे, शेवटची तारीख कोणती, हे मेमध्येच विचारा.

निरोप शेवटच्या घरापर्यंत

1970 च्या भोला वादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसे गेली. 1972 पासून तिथे गावोगावच्या स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली. 2020 च्या अंफान वादळात तिथल्या मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. निरोप वेळेवर पोचण्याचा त्यात मोठा वाटा होता.

आपल्या वाड्यासाठी एवढेच करा. दोन माणसांच्या मोबाइलवर ‘मेघदूत’ आणि ‘दामिनी’ ही ॲप असावीत. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसल्ला येतो, दामिनी विजेचा इशारा देते. या दोघांनी प्रत्येकी पाच घरांना, त्या घरांनी पुढच्या घरांना कळवायचे. ज्या घरात फोन नाही त्याची जबाबदारी नाव घेऊन एकावर टाका. धरणाच्या विसर्गाची सूचना पंचायतीला कोण देतो आणि रात्री कोण देतो, हे लेखी मागून घ्या. आपत्कालीन क्रमांक 112 भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

एप्रिलच्या ग्रामसभेत हे सात विषय मांडा

व्हाळ आणि मोऱ्यांतला गाळउपसा, तारखेसह. बांध आणि मानशीची दुरुस्ती. खनिज निधीसाठी शेजारच्या पंचायतींसह प्रस्ताव. राखीव तरव्याची जागा. गावाच्या कोठाराचे नियम. गुरांसाठी उंच जागा. निरोपाच्या साखळीतली नावे.

सातपैकी तीन जरी या वर्षी झाले तरी गाव गेल्या वर्षीपेक्षा सुरक्षित होईल, आणि उरलेली चार पुढच्या वर्षी मागता येतील. सरकारी मदत आपला हक्क आहे, तो सोडू नका. पण ती पूर ओसरल्यावर येते. पूर येतो त्या रात्री शेजारीच मदतीला येतो. त्या शेजाऱ्याशी या आठवड्यातच बसा आणि पहिल्या दोन कामांची तारीख ठरवा.